एक क्रमांकाची भुई

नकाशावर किल्लारीच्या वाट्याला एक हा आकडा आला होता. भारतीय मानकांच्या १८९३ क्रमांकाच्या संहितेत भूकंपाच्या धोक्याप्रमाणे देशाचे पाच पट्टे पाडलेले होते. पाचवा सर्वांत धोक्याचा, पहिला सर्वांत निर्धोक. कच्छ आणि ईशान्य भारत पाचव्यात होते. तेरणाकाठची औसा-उमरग्याकडची काळी भुई पहिल्यात. १९८४ साली संहिता सुधारून छापली गेली तेव्हाही हा आकडा तसाच राहिला. त्यानंतर नऊ वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपलेली असताना किल्लारी, सास्तूर, होळी, तळणी, मंगरूळ, पेठसांगवी ही गावे काही सेकंदांत जमीनदोस्त झाली. धक्का ६.२ तीव्रतेचा होता. जवळजवळ दहा हजार माणसे गेली. खंडांच्या स्थिर समजल्या जाणाऱ्या अंतर्भागात तोवर नोंदल्या गेलेल्या भूकंपांत इतकी मनुष्यहानी दुसऱ्या कोणत्याही भूकंपाने केली नव्हती.

तो एक कुठून आला, याचा मागोवा आपण घेणार आहोत. नकाशा कागदावर उतरण्याच्या कितीतरी आधी तो जाणकारांच्या समजुतीत आखला गेलेला असतो. ‘दख्खनची भुई हलत नाही’ ही समजूत शंभरेक वर्षे शास्त्रज्ञांच्या सभांमध्ये, ग्रंथांमध्ये आणि अखेर सरकारी संहितेत नांदली. तिला आधार होते, तिच्या बाजूने विद्वान माणसे होती, आणि ती मोडायला लागली तेव्हाही ती सहजासहजी मोडली नाही.

आपल्याकडे भूकंपाच्या कारणांची यादी फार जुनी आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूकंपावर स्वतंत्र अध्याय आहे आणि त्याची सुरुवातच मतभेदांनी होते. समुद्राच्या पोटात राहणाऱ्या प्रचंड प्राण्यांमुळे भूकंप होतो असे काही म्हणतात. पृथ्वीच्या भाराने थकलेले दिग्गज विसावा घेतात तेव्हा होतो असे दुसरे म्हणतात. वारे एकमेकांवर आदळून जमिनीवर कोसळतात म्हणून होतो असे तिसरे. तर कोणी ते अदृष्टावर सोपवतात. टीकाकारांनी ही मते काश्यप, गर्ग, वसिष्ठ अशा नावांना जोडून दिली. मला या उताऱ्यात रस वाटतो तो त्यातल्या हत्तींमुळे नव्हे, मते शेजारी-शेजारी मांडण्याच्या पद्धतीमुळे. प्रतिस्पर्धी मत लपवलेले नाही. प्रत्येकाला त्याच्या ऋषीचे नाव आहे. मात्र चारांपैकी कोणते टिकते हे ठरवायची रीत तिथे नाही. ग्रंथ पुढे वायू, अग्नी, इंद्र आणि वरुण या मंडलांच्या फलांकडे वळतो, आणि चारही मते पुढची हजार वर्षे एकमेकांना धक्का न लावता एकाच पानावर सुखाने राहतात.

ही रीत घडायला लागली ती अठराव्या शतकात. १ नोव्हेंबर १७५५ रोजी लिस्बन उद्ध्वस्त झाले आणि युरोपात भूकंपाच्या वर्णनांचा पूर आला. पाचच वर्षांनी, १७६० मध्ये, जॉन मिचेल या इंग्रज विद्वानाने भूकंप लाटेसारखा जमिनीतून पसरतो असे मांडले. शंभर वर्षांनी रॉबर्ट मॅलेट हा आयरिश अभियंता १८५७ च्या नेपल्सकडच्या भूकंपानंतर पडक्या भिंतींमधून हिंडला, भेगांच्या दिशा मोजल्या आणि लाट कुठून आली असावी याचा अदमास बांधला. भूकंपशास्त्राला इंग्रजीत नाव देण्याचे श्रेयही त्याचेच. त्याची मोजणीची पद्धत भारतात आणली थॉमस ओल्डहॅमने. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा हा पहिला प्रमुख. १८६९ च्या काचारच्या भूकंपाची पाहणी त्याने मॅलेटच्या धर्तीवर केली, आणि भारतात आजवर झालेल्या भूकंपांची सूची जुळवत आयुष्याची अखेरची वर्षे घालवली. त्याच्या मृत्यूनंतर मुलाने, रिचर्ड ओल्डहॅमने, ती १८८३ मध्ये छापून घेतली. हाच रिचर्ड पुढे १८९७ च्या आसामच्या भूकंपाचा अहवाल लिहून आणि १९०६ मध्ये पृथ्वीला गाभा आहे हे भूकंपलहरींवरून दाखवून जगप्रसिद्ध झाला.

ओल्डहॅमची सूची ही भारताच्या भूकंपविज्ञानाची पहिली खातेवही. पण खातेवहीत काय लिहिले गेले यापेक्षा कोणी लिहिले हे आपण आधी पाहायला हवे. नोंदी येत त्या छावण्यांतून, वृत्तपत्रांतून, कलेक्टर आणि मिशनरी यांच्या पत्रांतून. जिथे लिहिणारा होता तिथे भूकंप झाला. जिथे नव्हता तिथे झालाच नाही. निजामाच्या राज्यातली तेरणा-मांजरेच्या खोऱ्यातली खेडी या पत्रव्यवहाराच्या बाहेर होती. एखाद्या रात्री भांडी खणखणली, बळदाची भिंत तडकली, तर ते कुणाच्या दप्तरात जायचे? रिकामी पाने पुढे पुराव्यासारखी वाचली गेली, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातली पहिली चूक इथे झाली, कोणाच्याही लक्षात न येता. १८९८-९९ च्या सुमारास मिल्न यांच्या बनावटीची भूकंपमापक यंत्रे अलिपूर, कुलाबा आणि कोडाईकनाल इथे बसली. मराठी मुलखात यंत्राने टिपलेल्या भूकंपनोंदी कुलाब्यापासून सुरू होतात. त्याआधीचे सारे माणसांच्या आठवणीवर. आणि भूगर्भाच्या मानाने शंभर वर्षांच्या यंत्रनोंदी म्हणजे एका दिवसातले काही क्षण.

दरम्यान दगडाचे शास्त्र पुढे सरकत होते. द्वीपकल्प हा पृथ्वीच्या अतिप्राचीन कवचाचा तुकडा, एक ढाल, आणि हिमालय हा त्याच्या कडेला चुरगळलेला तरुण पदर, असे चित्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्थिरावले. १९१९ मध्ये दाराशा नोशेरवान वाडिया यांचा भारताच्या भूविज्ञानावरचा ग्रंथ आला आणि पुढच्या अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी भारताचे भूगर्भ त्यातूनच शिकले. द्वीपकल्प हे स्थिर भूखंड, कोट्यवधी वर्षांत घड्या न पडलेले, ही मांडणी त्यात होती आणि ती बव्हंशी बरोबरही होती. दख्खनला हिमालयासारख्या घड्या पडलेल्या नाहीत, हे आजही खरे आहे. अडचण एका शब्दाची झाली. ‘घड्या पडत नाहीत’ या अर्थाने वापरलेला ‘स्थिर’ हळूहळू ‘हलत नाही’ या अर्थाने वापरला जाऊ लागला. १९३४ चा बिहारचा भूकंप झाल्यावर सर्वेक्षणाने १९३५ मध्ये देशाचा धोकानकाशा काढला, त्यात द्वीपकल्प सर्वांत सौम्य पट्ट्यात गेले. १९६२ च्या पहिल्या मानक संहितेत तर द्वीपकल्पाच्या बऱ्याच भागाला शून्य मिळाले.

इथे एक वळण आहे. दख्खनचा हाच काळा दगड त्याच सुमारास जगातल्या एका मोठ्या वादात साक्षीदार म्हणून उभा राहिला होता. आल्फ्रेड वेगेनर या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये खंड सरकतात असे मांडले आणि पुढची चाळीसेक वर्षे बहुसंख्य भूवैज्ञानिकांनी ते नाकारले. नाकारण्याला कारण होते: खंड कोणत्या बळाने सरकतात हे वेगेनरला सांगता येत नव्हते, आणि त्याने सुचवलेली बळे गणितात तोकडी पडत होती. १९५० च्या दशकात मात्र दगडात गोठलेले प्राचीन चुंबकत्व मोजता येऊ लागले. लाव्हा थंड होताना त्यातले लोहकण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळतात, आणि त्या कलावरून तो दगड कोणत्या अक्षांशावर थिजला हे काढता येते. १९५६ मध्ये क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या बेसॉल्टची अशी मापे प्रसिद्ध केली. पुढे डॉइच मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करत असताना राधाकृष्णमूर्ती आणि प. वा. सहस्रबुद्धे यांच्यासह ही मापे वाढवत गेले. निष्कर्ष असा की साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा वाहिला तेव्हा दख्खन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होते. आपल्या पायाखालचा कातळ हजारो किलोमीटर चालून आला होता! वेगेनरला नाकारणारी पिढी विरत गेली, समुद्रतळाची मापे आली, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस भूपट्टांचा सिद्धांत जवळपास सर्वमान्य झाला.

पण या विजयाचा एक परिणाम फारसा सांगितला जात नाही. भूपट्टांच्या सिद्धांताने भूकंप पट्टांच्या कडांना नेऊन बसवले. हिमालय ही कड, दख्खन हा पट्टाचा मध्य. म्हणजे ज्या दगडाने जुनी भूगर्भदृष्टी उलटवायला मदत केली, त्याच दगडाच्या मुलखाबद्दलची जुनी समजूत नव्या सिद्धांताने अधिक घट्ट केली. ‘दख्खन हलत नाही’ याला आता कारणही मिळाले.

आणि नेमक्या त्या वर्षांत दख्खन हलू लागले होते. साताऱ्याकडे कोयनेवर १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, शिवसागर जलाशय भरू लागला, आणि १९६२ पासून आसपासच्या गावांना जमिनीतून आवाज आणि बारीक हादरे जाणवू लागले. यंत्रे बसवली गेली आणि हादऱ्यांची केंद्रे जलाशयाभोवती दाट दिसली. त्याच १९६२ मध्ये थॉमस कून यांचे वैज्ञानिक क्रांत्यांवरचे प्रसिद्ध पुस्तक आले. प्रस्थापित चौकटीत न बसणारी निरीक्षणे शास्त्रज्ञ आधी बाजूला ठेवतात, ती साचत जातात, आणि चौकट मोडते ती बऱ्याच उशिरा, असे त्यात म्हटले आहे. कोयनेचे हादरे असेच बाजूला ठेवण्याजोगे वाटत होते. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ते तसे राहिले नाहीत. ६.३ तीव्रतेच्या धक्क्याने कोयनानगर उद्ध्वस्त केले, दोनशेच्या आसपास माणसे दगावली, धरणाच्या वरच्या भागाला तडे गेले. धरणाच्या पोटातल्या यंत्राने तो हादरा टिपला आणि जगभरच्या धरण-अभियंत्यांनी पुढे अनेक वर्षे त्या नोंदीवर आपली गणिते तपासली.

यानंतरचा वाद आपण सावकाश पाहण्यासारखा आहे, कारण एखादे मत शास्त्रज्ञांच्या समाजात कसे रुजते याचे महाराष्ट्रातले इतके पूर्ण उदाहरण दुसरे नाही. पाण्याने भूकंप होतो, हे म्हणणे अगदी पोरके नव्हते. अमेरिकेतल्या हूवर धरणामागच्या लेक मीडभोवतीचे हादरे पाणी भरण्याशी जोडणारा कार्डर यांचा लेख १९४५ चा आहे. चीनमधले शिनफेंगजियांग, आफ्रिकेतले करिबा आणि ग्रीसमधले क्रेमास्ता या जलाशयांजवळही साठच्या दशकात मोठे धक्के बसले होते. पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात सु. का. गुहा आणि त्यांचे सहकारी कोयनेच्या नोंदींवर काम करत होते. विरोधकांचा आक्षेपही वजनदार होता: जलाशयातल्या पाण्याचा भार तो केवढा, आणि कित्येक किलोमीटर खालच्या कातळाला तो काय करणार? भूकंप व्हायचाच होता, धरण तिथे योगायोगाने होते. हा आक्षेप हेकटपणाचा नव्हता. कारणाची यंत्रणा दाखवा, ही मागणी वेगेनरकडे झाली तीच होती आणि ती रास्त होती.

यंत्रणा मिळाली ती अनपेक्षित ठिकाणी. कोलोरॅडोत डेन्व्हरजवळ सैन्याच्या एका कारखान्याने विषारी सांडपाणी खोल बोअरमध्ये दाबून सोडायला सुरुवात केली आणि शहराला हादरे बसू लागले. १९६६ मध्ये डेव्हिड एव्हान्स यांनी दोन्हींचा संबंध दाखवला. मग त्याच राज्यात रेंजली इथल्या तेलक्षेत्रात १९६९ ते १९७३ या काळात भूवैज्ञानिकांनी मुद्दाम पाणी दाबले, थांबवले, पुन्हा दाबले. दाब एका मर्यादेवर गेला की हादरे येत, खाली आला की थांबत. पाण्याचे वजन दुय्यम ठरले. खडकाच्या भेगांतल्या पाण्याचा दाब भेगेच्या दोन बाजूंची पकड ढिली करतो, हे मुख्य. आधीच ताणलेल्या अशा भेगेला, म्हणजे विभंगाला, तेवढे पुरते. इकडे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेत हर्ष गुप्ता, बी. के. रस्तोगी आणि हरी नारायण यांनी १९७२ मध्ये जगभरच्या जलाशयांजवळचे भूकंप शेजारी ठेवून त्यांच्या वागण्यातले सारखेपण दाखवले: आधीच्या आणि नंतरच्या हादऱ्यांचा क्रम, मोठ्या-लहान धक्क्यांचे प्रमाण, पाण्याच्या पातळीशी असलेले नाते. १९८५ पासून दक्षिणेला वारणेचा जलाशय भरू लागला, आणि १९९३ च्या अखेरीस व १९९४ च्या आरंभी हादऱ्यांचे मोठे सत्र वारणेच्या बाजूला सरकले. नवा जलाशय ही कोणीही न आखलेली दुसरी परीक्षा होती. शब्दही नम्र झाला: जलाशय भूकंप घडवतो असे म्हणण्याऐवजी, साचलेल्या ताणाला निमित्त देतो असे म्हटले जाऊ लागले. पंचवीस-तीस वर्षांच्या ओढाताणीनंतर विरोधकांचा निम्मा मुद्दा असा सिद्धांतातच सामावला. भूकंप व्हायचा होता हे खरे, आणि धरणाने तो आणला हेही खरे.

हा सगळा इतिहास अभिमानाचा आहे. पण किल्लारीच्या बाजूने पाहिले की त्याची दुसरी कड दिसते. कोयनेला कारण सापडले आणि ते कारण धरण होते. मग बाकीच्या दख्खनला भ्यायचे कारण उरले नाही. जलाशयाचा सिद्धांत जसजसा खरा ठरत गेला तसतसा त्याच्या आडोशाला स्थिर ढालीचा जुना समज तगून राहिला. १९७० मध्ये संहितेचा नकाशा सुधारला, शून्याचा पट्टा रद्द झाला, कोयनेच्या परिसराची श्रेणी वाढली, आणि मराठवाड्याला एक मिळाला. कोयना अपवाद ठरली. वास्तविक १९६९ मध्ये गोदावरीकाठी भद्राचलमजवळही धरणाविना चांगला धक्का बसला होता. १९७३ मध्ये कृष्णब्रह्मम आणि नेगी यांनी गुरुत्वाकर्षणाच्या मापांवरून दख्खनच्या काळ्या थराखाली दोन प्राचीन खचदऱ्या दडल्या असाव्यात असे सुचवले होते: एक कोयनेची, दुसरी कुर्डुवाडीची. म्हणजे वर सपाट दिसणाऱ्या पठाराखाली जुन्या जखमा असू शकतात, हे वीस वर्षे आधी छापील पानावर होते. ते कोणी खोडले नाही. ते फक्त कोणाच्या नकाशात उतरले नाही.

१९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात किल्लारीलाच हादरे बसू लागले. गुडगुड आवाज, भांड्यांचा खणखणाट, भिंतींना चिरा. लोक काही रात्री घराबाहेर झोपले. मग सारे शांत झाले. सर्वांत जवळची मोठी वेधशाळा हैदराबादची, दोनशेहून अधिक किलोमीटरवर. शांत झालेली भुई पाहून जाणकारांना धीर वाटणे स्वाभाविक होते, कारण शंभर वर्षांचे शिक्षण तेच सांगत होते. मोठ्या धक्क्याआधी असे सत्र येते आणि बऱ्याचदा सत्र येऊनही मोठा धक्का येत नाही. आजही या दोहोंत आधीच फरक करता येत नाही. म्हणून त्या वर्षी कोणाचे चुकले हे बोट दाखवून सांगणे मला प्रामाणिक वाटत नाही. पण त्या हादऱ्यांवेळी गावात एखादे फिरते यंत्र असते, तर आज आपल्या हाती निदान नोंदी असत्या.

नकाशावर एकाऐवजी तीन असता तर माणसे वाचली असती का, हा प्रश्नही टाळता येत नाही. संहिता कारखान्यांसाठी, पुलांसाठी, सरकारी इमारतींसाठी. किल्लारीच्या गवंड्याच्या हाती ती कधी पोहोचलीच नसती. त्याने बांधलेली घरे मराठवाड्याच्या उन्हाला उत्तर म्हणून घडलेली होती: दोन-अडीच फूट रुंदीच्या दगड-मातीच्या भिंती, आतबाहेर दोन वेगळे पदर, मध्ये भर, वर लाकडी सऱ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचे माळवद. पावसाळ्याआधी माळवदावर मातीचा नवा थर पडे आणि पिढ्यान्‌पिढ्या छप्पर जड होत जाई. धक्का दहा किलोमीटरच्याही आतला, उथळ. भिंतींचे पदर सुटले आणि माळवद खाली आले. गवंड्यालाही अनुभवाने तेच सांगितले होते जे शास्त्रज्ञाला सूचीने सांगितले: इथे जमीन हलत नाही.

ढिगारे उपसले जात असतानाच दुसरी उकल सुरू झाली. किल्लारीच्या पश्चिमेच्या शेतांत जमिनीला भेगा पडून मातीचे बुटके उंचवटे उभे राहिले होते, जेमतेम गुडघाभर. भारताच्या ढालप्रदेशात भूकंपाची खूण अशी पृष्ठभागावर दिसणे विरळा. तेवढ्या पट्ट्यासाठी जगभरचे भूवैज्ञानिक औसा तालुक्यात आले. पहिला प्रश्न कोयनेने आयता ठेवलेला होता: माकणीचा निम्न तेरणा जलाशय जवळ आहे, हा भूकंपही पाण्याचाच का? १९९४ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक संस्थेने लातूरच्या भूकंपावर ग्रंथ काढला. त्यात रस्तोगी, म्हणजे कोयनेला जलाशयाशी जोडणाऱ्यांपैकीच एक, किल्लारीचा भूकंप जलाशयाने आणलेला नाही असे मांडतात. स्वतःच्या सिद्धांताची हद्द त्याच्या कर्त्यानेच आखून द्यावी, हे मला या साऱ्या कहाणीतले फार मोलाचे पान वाटते. सगळ्यांनी ते मान्य केले नाही. कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमॉन्ट वेधशाळेतले लिओनार्डो सीबर आणि त्यांच्या भारतीय-अमेरिकी सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये जलाशयाने निमित्त दिले असण्याची शक्यता उघडी ठेवली.

त्याच लेखात सीबर यांनी दुसरा, अधिक धक्कादायक प्रश्न केला होता. वारंवार सरकलेल्या विभंगाची खूण भूप्रदेशावर उमटते. किल्लारीत तशी दिसत नाही. मग हा विभंग त्या पहाटे नव्यानेच फुटला का? तसे असेल तर धोक्याचा नकाशा काढण्याचा पायाच जातो, कारण जुनी जखम शोधता येते, नवी कुठे होईल हे कोण सांगणार? त्याच वर्षी तिरुवनंतपुरमच्या भूविज्ञान अध्ययन केंद्रातले सी. पी. राजेंद्रन, कुसला राजेंद्रन आणि बिजू जॉन यांनी उलट मत मांडले: किल्लारीचा विभंग जुना आहे, खालच्या अतिप्राचीन कातळातला, आणि तो पुन्हा जागा झाला. दोन्ही लेख मान्यवर नियतकालिकांत, दोन्ही बाजूंनी शेतातल्या चरांत उतरून पाहिलेले. निकाल मतदानाने लागणार नव्हता. जमिनीतच जावे लागणार होते.

किल्लारीत बोअर घेतले गेले. मुख्य बोअर ६१७ मीटर खोल. ३३८ मीटरपर्यंत बेसॉल्ट लागला, त्याखाली अवघा ८ मीटरचा गाळाचा थर, आणि मग द्वीपकल्पाचा अतिप्राचीन नाइस खडक. कुर्डुवाडीच्या खचदरीची कल्पना मानणाऱ्यांना काळ्या थराखाली गाळाचा जाड साठा अपेक्षित असावा. निदान इथे तो नव्हता. १९७३ चे भाकीत असे अर्धे तरले: खाली जुनी रचना आहे हे मान्य, तिचे रूप मात्र वेगळे. भेगेच्या दोन बाजूंच्या बोअरमधले लाव्हाचे थर जुळवून पाहिले तेव्हा ते एकमेकांपासून जेवढे सरकलेले निघाले तेवढे सरकणे एका १९९३ च्या धक्क्याला शक्य नव्हते. पारडे जुन्या विभंगाकडे झुकले.

आणि मग साक्ष आली तेरणेच्या वरच्या अंगाकडून, तेरहून. तेर म्हणजे प्राचीन तगर. ग्रीक नाविकांच्या पेरिप्लसमध्ये भडोचला माल पाठवणारी पेठ म्हणून त्याचे नाव येते, आणि ते तेरच होय हे फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवले. विटांचे त्रिविक्रमाचे जुने देऊळ तिथे उभे आहे. राजेंद्रन दांपत्याने तेरच्या पांढरीच्या टेकाडांत थरांचे तुटणे-वाकणे तपासले आणि १९९९ मध्ये लिहिले की सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी तेरला भूकंपाचा जबर तडाखा बसला असावा. म्हणजे वराहमिहिराच्या काळाच्या आसपास. उज्जैनकडे भूकंपाच्या कारणांची यादी ग्रंथात उतरत होती त्या शतकांत दख्खनचे एक नगर हादरले होते, आणि त्याची नोंद सापडली ती मातीत. ओल्डहॅमच्या सूचीतले रिकामे पान पंधराशे वर्षे मागे जाऊन भरले गेले.

तेर आपल्याला आणखी एका गोष्टीसाठी ठाऊक आहे. गोरोबाकाकांच्या घरी संत जमले असता मुक्ताईने थापटण्याकडे बोट दाखवून ते कशासाठी असे विचारले, आणि गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून कच्चे-पक्के पाहू लागले, ही आख्यायिका मराठवाड्यात पोराटोरांना येते. नामदेव रागावले, आणि तेच कच्चे ठरले. पुढे औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे जाऊन ते पक्के झाले. वादाच्या आठवणी वाचताना ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. वेगेनर, कोयनेचे पाणी, किल्लारीची नवी भेग की जुनी: प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे पडले, आणि एकदाच नाही. सर्वांत कमी थापटला गेला तो ‘स्थिर’ हा शब्द. त्याला कोणी रांगेत बसवलेच नव्हते.

२००२ मध्ये संहितेचा नकाशा बदलला. पहिला पट्टा रद्दच झाला. देशात धोकामुक्त अशी भुई उरली नाही, दोन ते पाच एवढेच पट्टे राहिले. किल्लारीचा परिसर तिसऱ्यात गेला. मधल्या काळात १९९७ मध्ये जबलपूर आणि २००१ मध्ये भूज हादरले होते. तेरणाकाठची बावन्न गावे नव्या जागी वसली. कोयनेला, कराडच्या संशोधन केंद्राकडून, गोठणे इथे २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल बोअर पूर्ण झाले. ज्या कातळाच्या वर पन्नास वर्षे वाद चालला त्याच्या आतले तापमान, पाणी आणि ताण आता थेट मोजता येतात.

आणि मराठवाड्यात हादरे थांबलेले नाहीत. नांदेड शहराने २००६ नंतरची काही वर्षे बारीक धक्क्यांची मालिका अनुभवली. २०२२ च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातल्या हासोरीला आवाज आणि हादरे आले. हिंगोलीत वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेकडून जमिनीतल्या गूढ आवाजांच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत आहेत. २१ मार्च २०२४ आणि पुन्हा १० जुलै २०२४ रोजी तिथल्या परिसरातून ४.५ तीव्रतेचे धक्के आले आणि नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. हा औंढा नागनाथाचाच मुलूख. पावसाचे पाणी बेसॉल्टच्या सांध्यांतून खाली झिरपते आणि पावसाळ्यानंतर पकड ढिली करते, असे एक मत आहे. खाली जुना विभंग जागा होतो आहे, पाणी निमित्तमात्र, असे दुसरे. मार्चमधला धक्का पहिल्या मताला अडचणीचा आहे, पण दोन-चार धक्क्यांनी ते पडणारही नाही. कोयनेच्या पहिल्या हादऱ्यापासून वारणेच्या परीक्षेपर्यंत तीस वर्षे गेली होती.